कुत्रीच्या स्तनगाठी, बैलाच्या शिंगाचा कर्करोग आणि सायलिक आम्लाची मोजणी

साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर, एक वॉटर बाथ, एक सेंट्रिफ्यूज आणि चांगला फ्यूम हूड एवढे असले की सायलिक आम्लाची मोजणी करता येते. स्तनगाठी झालेल्या कुत्र्यांवर किंवा शिंगाचा कर्करोग झालेल्या बैलांवर प्रबंध लिहिणाऱ्या पशुवैद्यकीय विद्यार्थ्यांना हा विषय म्हणूनच आवाक्यातला वाटतो, आणि तो आहेही. फक्त ट्यूबमध्ये आलेला गुलाबी रंग कशाचा, तो कुठून आला आणि त्यात आणखी कशाची भर पडली, हे ठाऊक नसेल तर त्या आकड्यावर काही उभे राहत नाही. पुढचे विवेचन मुख्यतः कुत्रीच्या स्तनगाठींना धरून केले आहे. गोवंशात जिथे गोष्ट वेगळी होते, तिथे शिंगाच्या कर्करोगाकडे वळलो आहे.

आधी ठरवा, मोजायचे काय

सायलिक आम्ले म्हणजे नऊ कार्बनच्या आम्लधर्मी शर्करांचे कुटुंब. स्वीडनच्या गुन्नार ब्लिक्स यांनी १९३६ मध्ये गाईच्या लाळग्रंथीतल्या श्लेष्मल द्रव्यातून ते वेगळे केले. जर्मनीत अर्न्स्ट क्लेंक यांना तेच मेंदूतल्या ग्लायकोलिपिडांत सापडले. पेशीच्या पृष्ठभागावर ग्लायकोप्रोटीन आणि ग्लायकोलिपिड यांच्या शर्करासाखळ्या असतात. त्या साखळ्यांच्या अगदी टोकाला हे आम्ल बसलेले असते. कर्करोगाच्या पेशींत हे आम्ल साखळीला जोडणाऱ्या सायलिलट्रान्सफरेज एन्झाइमांचे काम अनेकदा वाढते, पृष्ठभागावर सायलिक आम्ल जास्त चढते, आणि पेशींतून सुटलेले असे रेणू रक्तात येतात. मोजणीमागचा मूळ विचार हा.

रक्तात मात्र दुसरा स्रोत पहिल्यापेक्षा मोठा आहे. सीरममधले बहुतेक सारे सायलिक आम्ल यकृताने बनवलेल्या ग्लायकोप्रोटीनांवर असते. अल्फा-१ आम्ल ग्लायकोप्रोटीन आणि हॅप्टोग्लोबिन ही त्यातली ठळक नावे. शरीरात कुठेही दाह झाला की ही प्रथिने वाढतात. गर्भाशयात पू झालेल्या, गोचीडतापाने आजारी असलेल्या किंवा जखम चिघळलेल्या कुत्रीचे सायलिक आम्लही वाढलेले मिळू शकते. म्हणून एकट्या आकड्यावरून कर्करोगाचे निदान करता येत नाही. त्याच जनावराचा शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा आकडा, किंवा दाहाचा वेगळा गट शेजारी ठेवून केलेली तुलना, हाच त्याचा खरा उपयोग.

मोजण्यासारखे भाग तीन आहेत: मुक्त, एकूण आणि लिपिडशी जोडलेले. मुक्त भाग फारच थोडा असतो. माणसाच्या सीरममध्ये एकूण सायलिक आम्ल लिटरला साधारण २ मिलिमोल, तर मुक्त आम्ल फक्त काही मायक्रोमोल, म्हणजे जवळजवळ हजारावा हिस्सा. रंगाच्या पद्धतीने सीरममधले मुक्त आम्ल मोजायचा हट्ट धरू नये. एकूण मोजावे, हवे तर लिपिडशी जोडलेला म्हटला जाणारा भाग सोबत घ्यावा.

आणखी एक बाब जनावरांत नेहमी आडवी येते. माणसात मुख्यतः एन-अॅसिटाइल न्यूरॅमिनिक आम्ल असते, कारण एन-ग्लायकोलिल प्रकार बनवणारे जनुक माणसात निकामी झालेले आहे. गाय, घोडा, उंदीर यांच्यात दोन्ही प्रकार आढळतात. पाश्चात्त्य जातींच्या बहुतेक कुत्र्यांच्या तांबड्या पेशींवर अॅसिटाइल प्रकारच असतो. जपान-कोरियाकडच्या काही जातींत ग्लायकोलिलही मिळतो. मांजरांत तर ए आणि बी रक्तगटांचा फरकच या दोन आम्लांवर ठरतो. रंगाच्या पद्धती दोन्ही प्रकार एकत्रच मोजतात. बैलाच्या सीरमचा आकडा कुत्रीच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करण्यात म्हणूनच अर्थ नाही.

कोणाचे नमुने घ्यायचे

निरोगी आणि कर्करोगी असे दोनच गट घेतलेला अभ्यास माझ्या मते अर्धाच राहतो. किमान चार गट हवेत: निरोगी, सौम्य गाठीच्या, घातक गाठीच्या, आणि कर्करोग नाही पण दाह आहे अशा माद्या. या चौथ्या गटात स्तनदाह, गर्भाशयातला पू, मोठी जखम असलेल्या कुत्र्या येतील. वय शक्यतो जुळते घ्यावे. स्तनगाठी उतारवयाकडच्या माद्यांत जास्त होतात, आणि निरोगी गटात एक-दोन वर्षांच्या पिल्लवजा कुत्र्या घेतल्या तर फरक वयाचा की गाठीचा ते सांगता येणार नाही.

नोंदवहीत प्रत्येक मादीचे नसबंदी झाली आहे का, शेवटचा माज केव्हा झाला, खोटी गर्भधारणा किंवा दूध आहे का, हे लिहावे. दुधाची बाब कळीची आहे. दुधात सायलिललॅक्टोज असते, कॅपा-केसीनवरही सायलिक आम्ल असते. दूध उतरलेल्या ग्रंथीचा तुकडा ‘निरोगी ऊती’ म्हणून घेतला तर त्याचाच आकडा गाठीपेक्षा चढा येऊ शकतो. औषधेही लिहावीत, विशेषतः स्टेरॉइड. कुत्र्यांत स्टेरॉइडमुळे हॅप्टोग्लोबिन वाढते, आणि हॅप्टोग्लोबिन स्वतःच सायलिक आम्ल वाहते.

दाहाचे मोजमाप सोबत केलेच पाहिजे. कुत्र्यांत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, गोवंशात हॅप्टोग्लोबिन. निरोगी गाईबैलांत हॅप्टोग्लोबिन जवळपास नसते आणि दाहात ते झपाट्याने चढते. शिंगाच्या कर्करोगात हे फार उपयोगी पडते. हा रोग मुख्यतः भारतातल्या लांब शिंगांच्या गोवंशात, त्यातही खच्ची केलेल्या बैलांत दिसतो. कांकरेज बैलांतला तर तो प्रसिद्धच आहे. शिंगाच्या गाभ्यातल्या आवरणात तो सुरू होतो, शिंग सैल होते, वाकते, तुटते, आणि मग त्या पोकळीत पू होतो, अळ्या पडतात. अशा बैलाच्या सीरममध्ये वाढलेल्या सायलिक आम्लातला किती भाग गाठीचा आणि किती पुवाचा, हे हॅप्टोग्लोबिन न मोजता सांगणे अशक्य आहे.

नमुने उपचारासाठी आलेल्या जनावरांचे असतील तर मालकाची लेखी संमती घ्यावी आणि संस्थेच्या समितीची परवानगी काम सुरू करण्याआधी हातात असावी.

रक्त घेणे आणि साठवणे

सीरम घ्यायचे की प्लाझ्मा, ते पहिल्या दिवशी ठरवून शेवटपर्यंत बदलू नये. प्लाझ्मात फायब्रिनोजेन असते, त्यावरही सायलिक आम्ल असते, त्यामुळे दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळत नाहीत. सायट्रेटच्या ट्यूबमध्ये रक्त पातळही होते. मी सीरमच सुचवीन.

कुत्रीला रात्रभर उपाशी ठेवून साध्या ट्यूबमध्ये रक्त घ्यावे. ते खोलीच्या तापमानाला गोठू द्यावे, मग सेंट्रिफ्यूज करून सीरम अलगद वर काढावे. गुलाबी किंवा लालसर सीरम वापरू नये. तांबड्या पेशींच्या आवरणावर सायलिक आम्ल ठासून भरलेले असते, आणि फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन रंग वाचताना त्रास देते. दुधाळ सीरमही शक्यतो टाळावे. सीरमचे छोटे छोटे भाग करून उणे ८० अंशांवर, ते नसेल तर उणे २० अंशांवर ठेवावेत. एक भाग एकदाच वितळवावा. नमुना दूषित झाला तर जिवाणूंचे सायलिडेज एन्झाइम साखळीवरचे आम्ल सोडवते. एकूण मोजणीत ते दिसून येत नाही, पण मुक्त भाग किंवा लेक्टिनचे (विशिष्ट शर्करेला चिकटणाऱ्या प्रथिनांचे) काम त्याने पार बिघडते.

गाठीचा तुकडा

कुत्रीला साधारणपणे स्तनांच्या पाच जोड्या असतात आणि मागच्या दोन जोड्यांत गाठी जास्त होतात. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ लगेच बर्फावर घ्यावी, थंड सलाइनने रक्त धुवावे, टिपकागदाने टिपावे. मधोमध कापून एक बाजू १० टक्के बफर फॉर्मलिनमध्ये हिस्टोपॅथॉलॉजीसाठी ठेवावी. लगतच्या बाजूचा तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये गोठवावा. दोन्ही तुकडे शेजारशेजारचे असावेत, म्हणजे आकडा ज्या ऊतीचा आहे तीच सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल. त्याच स्तनसाखळीतला गाठीपासून दूरचा तुकडा तुलनेसाठी घ्यावा आणि तोही पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घ्यावा. मेलेली, काळी पडलेली, पू झालेली जागा वजनात धरू नये.

कुत्रीच्या स्तनगाठींत मिश्र गाठी खूप. त्यांत कूर्चा असते, कधी हाडसुद्धा. कूर्चेतल्या प्रोटिओग्लायकनमधली युरोनिक आम्ले रिसॉर्सिनॉलच्या पद्धतीत (ती पुढे येते) रंग देतात. गाठ कापताना करकरली किंवा पांढरी चकचकीत कूर्चा दिसली, तर त्या तुकड्यासाठी रिसॉर्सिनॉलवर विसंबू नये.

सुमारे १०० मिलिग्रॅम ऊती बारीक कापून १ मिलिलिटर थंड बफरमध्ये, बर्फावर ठेवूनच, होमोजिनाइझ करावी, म्हणजे घोटून एकजीव करावी. शिंगाच्या गाठीत केराटिन भरपूर असल्याने ती चिवट असते; द्रव नायट्रोजनमध्ये खलबत्त्यात कुटून मग बफर घालावा. होमोजिनेटचा एक भाग प्रथिनांसाठी, लोरी किंवा ब्रॅडफर्ड पद्धतीने मोजायला, बाजूला ठेवावा. एक भाग डीएनएसाठीही राखावा. अंतिम आकडा ओल्या वजनावर द्यावा, प्रथिनावर द्यावा की डीएनएवर, यावर वाद असतात. गाठीत पेशींची दाटी निरोगी ग्रंथीपेक्षा पुष्कळ जास्त असते, निरोगी ग्रंथीत चरबी जास्त. ओल्या वजनावरचा फरक म्हणून फुगून दिसतो. प्रथिन आणि डीएनए, दोन्हींवरचे आकडे द्यावेत असे माझे मत आहे.

चरबी काढण्यासाठी क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉलचे २:१ मिश्रण वापरले तर गँग्लिओसाइडही (सायलिक आम्ल असलेली ग्लायकोलिपिडे) बाहेर जातात, हे ध्यानात ठेवावे. अर्क टाकून न देता वेगळा मोजावा. उरलेला गाळ हा प्रथिनांशी जोडलेला भाग.

वॉरेनची पद्धत, पायरीपायरीने

लिओनार्ड वॉरेन यांनी १९५९ मध्ये दिलेली थायोबार्बिट्युरिक आम्लाची पद्धत अजूनही पुष्कळ वापरली जाते. ती फक्त मुक्त सायलिक आम्लाला रंग देते. त्यामुळे साखळीवरचे आम्ल आधी सोडवावे लागते; यालाच हायड्रोलिसिस म्हणतात.

सोडवण्यासाठी २० मायक्रोलिटर सीरम, किंवा होमोजिनेटचा योग्य भाग, ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात मिळून २०० मायक्रोलिटर करावा आणि झाकण घट्ट लावून ८० अंशांवर एक तास ठेवावा. जास्त वेळ ठेवल्याने जास्त मिळेल असे समजू नये. सुटलेले आम्ल गरम आम्लात हळूहळू नासते. नवीन ऊतीवर काम सुरू करताना ३०, ६०, ९० मिनिटे असे वेळ लावून बघावे आणि आकडा कुठे स्थिरावतो ते पाहावे. सोबत गाईच्या फेट्युइनची एक ट्यूब ठेवावी. हे सायलिक आम्लाने भरलेले ग्लायकोप्रोटीन आहे. त्याचा आकडा प्रत्येक खेपेला सारखा आला तर हायड्रोलिसिस नीट झाले असे मानता येते.

१. थंड झालेल्या २०० मायक्रोलिटर नमुन्यात १०० मायक्रोलिटर पेरआयोडेट द्रावण घालावे (९ मोलर फॉस्फोरिक आम्लात ०.२ मोलर सोडियम मेटापेरआयोडेट). हलवून खोलीच्या तापमानाला २० मिनिटे ठेवावे.

२. १ मिलिलिटर आर्सेनाइट द्रावण घालावे (०.५ मोलर सोडियम सल्फेट आणि ०.१ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लात १० टक्के सोडियम आर्सेनाइट). पिवळा-तपकिरी रंग येतो. तो पूर्ण जाईपर्यंत हलवत राहावे. हा रंग उरला म्हणजे पेरआयोडेट उरला, आणि पुढचा आकडा चुकला.

३. ३ मिलिलिटर ०.६ टक्के थायोबार्बिट्युरिक आम्ल घालावे (०.५ मोलर सोडियम सल्फेटमध्ये, ताजे). हलवून उकळत्या पाण्यात १५ मिनिटे ठेवावे. गुलाबी-लाल रंग येतो.

४. थंड पाण्यात ५ मिनिटे ठेवावे. ४.३ मिलिलिटर सायक्लोहेक्झॅनोन घालून जोरात हलवावे, सेंट्रिफ्यूज करावे, वरचा स्वच्छ रंगीत थर काढावा आणि ५४९ व ५३२ नॅनोमीटर, दोन्हीकडे वाचावा.

क्युवेट काचेचा किंवा क्वार्ट्झचाच हवा. सायक्लोहेक्झॅनोनमध्ये पॉलिस्टायरिनचे प्लास्टिक क्युवेट विरघळतात आणि वाचन वर चढत जाते. सायक्लोहेक्झॅनोनच्या उग्र वासामुळे अनेक जण हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेले ब्युटॅनॉल वापरतात. ते चालते, फक्त मग पुढे दिलेल्या वॉरेनच्या सूत्रातले गुणक वापरता येत नाहीत, स्वतःच्या प्रमाणित रेषेवरच हिशेब करावा लागतो. प्रमाणित रेषा तशीही दर खेपेला लावायचीच: दर ट्यूबमध्ये ०, १०, २०, ३०, ४०, ५० नॅनोमोल शुद्ध एन-अॅसिटाइल न्यूरॅमिनिक आम्ल.

सोडियम आर्सेनाइट अत्यंत विषारी आहे आणि स्वतःच कर्करोगकारक आहे. हातमोजे, फ्यूम हूड, तोंडाने पिपेट ओढणे पूर्ण बंद. आर्सेनिक असलेला पाण्याचा थर आणि ब्लँकसुद्धा (नमुना न घातलेली ट्यूब) वेगळ्या, लेबल लावलेल्या कॅनमध्ये साठवून घातक कचरा नेणाऱ्या यंत्रणेकडेच द्यावा. बेसिनमध्ये एक थेंबही जाऊ नये.

५३२ चे वाचन का सोडू नये

सारी पद्धत इथे तरते किंवा बुडते. डीएनएतल्या डीऑक्सिरायबोजचा रंग याच अभिक्रियेत ५३२ नॅनोमीटरला येतो. मॅलोनडायअल्डिहाइड, म्हणजे चरबी खवट होताना बनणारे द्रव्य, हेही तिथेच रंग देते. सीरममध्ये दोन्ही कमी, गाठीत दोन्ही जास्त. गाठ म्हणजे केंद्रकांची गर्दी, आणि सौम्य आम्लातही डीएनए थोडे तुटते. ५४९ एकट्यावर हिशेब केला तर डीएनएची वाढ सायलिक आम्लाची वाढ म्हणून लिहिली जाते.

वॉरेन यांचे सूत्र ४.३ मिलिलिटर सायक्लोहेक्झॅनोनसाठी असे आहे:

सायलिक आम्ल (मायक्रोमोल) = ०.०९० × ५४९ चे वाचन − ०.०३३ × ५३२ चे वाचन

भेसळ नसेल तर मोलर शोषण गुणांक ५७,००० धरून ४.३ × वाचन ÷ ५७, म्हणजे ०.०७५४ × वाचन, एवढे पुरते. दोन्ही सूत्रे जुळवून पाहिली की शुद्ध सायलिक आम्लात ५३२ चे वाचन ५४९ च्या साधारण ०.४४ पट यायला हवे असे निघते. ही एक झटपट कसोटी: प्रमाणित ट्यूबचे गुणोत्तर ०.४४ च्या आसपास आहे का ते पाहावे आणि नमुन्याचे त्याहून किती वर आहे ते पाहावे.

हिशेबासाठी एक कल्पित सीरम घेऊ. २० मायक्रोलिटर, ५४९ ला ०.४८०, ५३२ ला ०.३००. सूत्राने ०.०४३२ − ०.००९९ = ०.०३३३ मायक्रोमोल. २० मायक्रोलिटरने भागले की लिटरला १.६७ मिलिमोल. १ मिलिमोल म्हणजे डेसिलिटरला ३०.९३ मिलिग्रॅम, म्हणून सुमारे ५१.५ मिलिग्रॅम. दुरुस्ती न करता आले असते १.८१ मिलिमोल. फरक आहे, पण झेपणारा.

आता कल्पित गाठ. ५४९ ला ०.३५०, ५३२ ला ०.४२०. दुरुस्तीविना २६.४ नॅनोमोल, दुरुस्तीने १७.६. दीडपटीचा फरक नुसत्या भेसळीचा! गुणोत्तर इतके चढलेले असेल तर सूत्रावरही भरवसा ठेवू नये. हायड्रोलाइझ केलेला नमुना डाउएक्स-१ या आयन-विनिमय रेझिनच्या फॉर्मेट रूपातून न्यावा. सायलिक आम्ल ऋणभारित असल्याने अडकते, डीऑक्सिरायबोज पाण्याने धुऊन जातो, मग फॉर्मिक आम्लाने सायलिक आम्ल उतरवून, वाळवून मोजावे. ऊतींच्या कामात ही पायरी मी ऐच्छिक मानत नाही.

गोवंशात आणखी एक गुंता आहे. ओ-अॅसिटाइल गट लागलेली सायलिक आम्ले पेरआयोडेटला नीट दाद देत नाहीत आणि आकडा कमी येतो. नमुन्याला आधी थंड, सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड (०.१ मोलर) देऊन, मग आम्लात नेऊन हायड्रोलिसिस केले की हे गट निघतात. अल्कली दिलेले आणि न दिलेले अशा दोन ट्यूबांतला फरक हा ओ-अॅसिटाइल प्रकारांचा ढोबळ अंदाजही देतो.

रिसॉर्सिनॉल आणि ‘लिपिडशी जोडलेला’ भाग

स्वेनरहोम यांची १९५७ ची रिसॉर्सिनॉल पद्धत मुक्त आणि जोडलेले दोन्ही आम्ल मोजते, वेगळे हायड्रोलिसिस लागत नाही, आर्सेनिकही नाही. फक्त सीरमचेच काम असेल तर मी हीच निवडीन. अभिकर्मक असा: २ टक्के रिसॉर्सिनॉल १० मिलिलिटर, संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ८० मिलिलिटर, ०.१ मोलर कॉपर सल्फेट ०.२५ मिलिलिटर, पाण्याने १०० मिलिलिटर. वापराच्या किमान चार तास आधी बनवावा.

२० मायक्रोलिटर सीरममध्ये ९८० मायक्रोलिटर पाणी आणि १ मिलिलिटर अभिकर्मक घालून उकळत्या पाण्यात १५ मिनिटे, मग बर्फात १० मिनिटे ठेवावे. ब्युटिल अॅसिटेट आणि एन-ब्युटॅनॉलचे ८५:१५ मिश्रण २ मिलिलिटर घालून हलवावे, सेंट्रिफ्यूज करावे, वरचा निळसर-जांभळा थर ५८० नॅनोमीटरला वाचावा. हेक्झोज शर्करा तपकिरी रंग देतात, त्यामुळे ४५० च्या आसपासही वाचन घ्यावे. मधुमेही कुत्रीच्या नमुन्यात तर नक्कीच. संहत आम्ल उकळते आहे, म्हणून हे सारे फ्यूम हूडमध्येच, आणि ट्यूबला मार्बल किंवा सैल झाकण.

लिपिडशी जोडलेल्या भागासाठी कॅटोपोडिस आणि स्टॉक यांची पद्धत रूढ आहे. ५० मायक्रोलिटर सीरम आणि १५० मायक्रोलिटर पाणी बर्फावर मिसळावे. ३ मिलिलिटर थंड क्लोरोफॉर्म-मिथेनॉल (२:१) घालून अर्धा मिनिट जोरात हलवावे, ०.५ मिलिलिटर थंड पाणी घालून पुन्हा हलवावे आणि सेंट्रिफ्यूज करावे. वरच्या थराचा १ मिलिलिटर वेगळा घेऊन त्यात ५० मायक्रोलिटर फॉस्फोटंग्स्टिक आम्ल (मिलिलिटरला १ ग्रॅम) घालावे, ५ मिनिटांनी सेंट्रिफ्यूज करून गाळ ठेवावा, वरचे द्रव टाकावे. गाळ ३७ अंशांवर १ मिलिलिटर पाण्यात विरघळवून वरीलप्रमाणे रिसॉर्सिनॉल करावे. वरच्या थराचे एकूण आकारमान नोंदवायला विसरू नये, हिशेबात तो गुणक येतो.

या भागाचे रूढ नाव दिशाभूल करते. वरच्या थरात गँग्लिओसाइडबरोबर आम्लधर्मी ग्लायकोप्रोटीनेही उतरतात, आणि फॉस्फोटंग्स्टिक आम्ल त्यांनाच खाली आणते. दाहात हा आकडाही म्हणून चढतो. प्रबंधात ‘गँग्लिओसाइड वाढले’ असे लिहायचे असेल तर ते वेगळे काढून, डायलिसिस करून, टीएलसी (पातळ थराची क्रोमॅटोग्राफी) प्लेटवर रिसॉर्सिनॉल फवारून दाखवावे लागेल.

एचपीएलसी मिळत असेल तर

एचपीएलसी म्हणजे द्रवाच्या दाबाखाली कॉलममधून नमुन्यातले घटक वेगळे करणारे उपकरण. त्यावर डीएमबी या अभिकर्मकाने सायलिक आम्लाला चमक देऊन मोजण्याची पद्धत जपानच्या हारा आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात आणली. अॅसिटाइल आणि ग्लायकोलिल प्रकार वेगळे कळतात, डीएनएचा अडसर राहत नाही, नमुनाही अगदी थोडा लागतो. ओ-अॅसिटाइल गट टिकवायचे असतील तर २ मोलर अॅसिटिक आम्लात ८० अंशांवर दोन-तीन तास हायड्रोलिसिस करावे. मग ७ मिलिमोलर डीएमबी (१.४ मोलर अॅसिटिक आम्ल, ०.७५ मोलर मर्कॅप्टोइथेनॉल, १८ मिलिमोलर सोडियम डायथायोनाइट यांत) घालून ५० अंशांवर अडीच तास, अंधारात. सी-१८ कॉलम, अॅसिटोनायट्राइल-मिथेनॉल-पाणी ९:७:८४, उत्तेजन ३७३ आणि उत्सर्जन ४४८ नॅनोमीटर. आधी ग्लायकोलिल बाहेर येते, मग अॅसिटाइल, बहुतेक ओ-अॅसिटाइल प्रकार त्यामागून. सस्तन प्राण्यांत जवळपास नसलेले केडीएन हे आम्ल आंतरिक प्रमाण (तुलनेसाठी नमुन्यात मुद्दाम मिसळलेले द्रव्य) म्हणून चालते. ओ-अॅसिटाइल शिखरे ओळखायला गाईच्या लाळग्रंथीचे म्युसिन सोबत चालवावे.

बैलाच्या नमुन्यांसाठी ही पद्धत मिळवण्याची धडपड जरूर करावी. शेजारच्या संस्थेत उपकरण असेल तर हायड्रोलाइझ केलेले, गोठवलेले नमुने तिकडे नेता येतात.

तयार एन्झाइम किटही मिळतात. त्यांत सायलिडेज आम्ल सोडवते, अल्डोलेज त्यातून पायरुवेट काढते आणि पायरुवेट मोजला जातो. नमुन्यातला मूळचा पायरुवेट वजा करायला अल्डोलेज नसलेली ब्लँक ट्यूब हवीच. घोड्याच्या नमुन्यांत किट वापरू नये: त्यातले ४-ओ-अॅसिटाइल आम्ल बहुतेक सायलिडेजांना दाद देत नाही.

गाठीत ते कुठे आहे

होमोजिनेटचा आकडा गाठीतल्या पेशी, रक्तवाहिन्या, संयोजी ऊती, सगळ्यांचा मिळून असतो. पॅराफिन काप शिल्लक असतील तर बायोटिन लावलेली लेक्टिने वापरावीत: एसएनए हे अल्फा-२,६ जोडणीसाठी, एमएएल-२ हे अल्फा-२,३ साठी. शेजारच्या कापाला आधी सायलिडेज देऊन तेच लेक्टिन लावावे. रंग गेला तरच तो सायलिक आम्लाचा. कापाला अल्कली देऊनही पाहावे, कारण ओ-अॅसिटाइल गट लेक्टिन आणि सायलिडेज दोघांनाही अडवू शकतात.

आकडे लिहिताना

प्रत्येक नमुना किमान दोनदा मोजावा; दोन वाचनांत ५ टक्क्यांहून जास्त फरक आला तर पुन्हा. निरोगी कुत्र्यांचे सीरम एकत्र करून छोट्या भागांत गोठवावे आणि प्रत्येक खेपेला एक भाग चालवावा, म्हणजे महिन्या-महिन्यांत पद्धत सरकली तर कळेल. एका नमुन्यात ठरावीक प्रमाणित आम्ल मिसळून ते किती परत मिळते तेही पाहावे. ९० ते ११० टक्क्यांच्या बाहेर असेल तर भेसळ शोधावी. सगळे निरोगी एका दिवशी आणि सगळे रोगी दुसऱ्या दिवशी असे कधीही करू नये. गट मिसळून चालवावेत आणि मोजणाऱ्याला कोणती ट्यूब कोणत्या गटाची ते माहीत नसावे.

दुसऱ्या प्रयोगशाळेचे ‘सामान्य’ आकडे उसने घेऊ नयेत. पद्धत, जात, वय बदलले की ते बदलतात. गाठ आणि त्याच मादीची निरोगी ग्रंथी यांची तुलना जोडीनेच करावी.

शस्त्रक्रियेनंतरचे सीरम घेण्याची घाई करू नये. चिरफाड हाच मोठा दाह असतो आणि पहिल्या काही दिवसांत आकडा वरही जाऊ शकतो. टाके निघून जखम पूर्ण भरल्यावर, तीन-चार आठवड्यांनी नमुना घ्यावा, त्याच दिवशी सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन करावे, आणि मग ठरावीक अंतराने घेत राहावे. शिंग कापलेल्या बैलात पोकळी भरून यायला बराच वेळ लागतो. तिथे जखमेची स्थिती पाहून तारीख ठरवावी आणि ती स्थिती आकड्याशेजारी लिहावी. निकालाच्या तक्त्यात पद्धतीचे नाव, हायड्रोलिसिसचा वेळ व तापमान, ५३२ ची दुरुस्ती केली की नाही, आणि आकडा कशावर भागला आहे, हे चार रकाने असलेच पाहिजेत.